दादाचं तीनशे दोन

२०२४ च्या मे महिन्यात पुण्याहून दादाचा रोज फोन यायचा आणि मी रोज विषय बदलायची. दादा वडगाव शेरीला राहतो. कल्याणीनगरचा तो अपघात त्याच्या घरापासून स्कूटरने दहा मिनिटांवर झाला. १९ मेच्या पहाटे दोन तरुण इंजिनिअर गेले. भरधाव पोर्शे सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता, असा पोलिसांचा आरोप. बाल न्याय मंडळाने त्याला जामीन देताना ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला आणि पुणं पेटलं. सुरुवातीला लावलं होतं कलम ३०४ अ, म्हणजे हयगयीने मृत्यू, जास्तीत जास्त दोन वर्षं. ओरड झाल्यावर ३०४ आलं, सदोष मनुष्यवध. दादाला तेही पुरेसं नव्हतं. “अगं, तीनशे दोन का नाही लावत? सरळसरळ खून आहे हा!”

मी म्हणायची, “दादा, वहिनीच्या गुडघ्याचं काय झालं?”

बोलायला तोंड नव्हतं असं नाही, परवानगी नव्हती. त्याच दिवसांत मी इथे कॅलिफोर्नियात एका खून खटल्याच्या ज्युरीत, म्हणजे दोषी की निर्दोष ते ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळात, बसत होते. जज रोज संध्याकाळी सोडताना बजावायचे: नवऱ्याशी बोलायचं नाही, फोनवर काही शोधायचं नाही, बातम्या वाचायच्या नाहीत. दादाशी तीनशे दोन आणि तीनशे चारवर वाद घालायचा म्हणजे दिवसभर डोक्यात घोळत होतं तेच तोंडातून बाहेर पडायचं. म्हणून गुडघा.

खरं तर मी पुरती ज्युरर नव्हतेच. बारा मुख्य आणि आम्ही दोघं राखीव. क्रिकेटमधला बारावा गडी असतो ना, तशी मी तेरावी. साक्षीपुरावे सगळे ऐकायचे, वहीत टिपणं काढायची, दुसऱ्या दिवसापासून रोजचे १५ डॉलर घ्यायचे आणि बारा जण निकालाच्या खोलीत गेले की बाहेरच्या बाकावर बसायचं. खटल्याचे तपशील मुद्दाम धूसर ठेवतेय. शेजारी-शेजारी, पार्किंगवरून जुनी धुसफूस, एका रात्री हातघाई, एक माणूस मेला. मारणारा समोर बसलेला, त्याने मारलं यात वाद नाही. वाद एवढाच की हे काय होतं.

शेवटच्या दिवशी जजनी सूचना वाचायला घेतल्या. तासभर वाचत होते, एका सुरात, पोथी वाचावी तसे. आरोप सेकंड डिग्री मर्डरचा, म्हणजे आधी ठरवून न केलेल्या खुनाचा. तो सिद्ध झाला नाही असं वाटलं तर व्हॉलंटरी मॅनस्लॉटर: कुणाचंही डोकं फिरावं असं काही घडल्यामुळे त्या भरात केलेली हत्या, किंवा जिवावर बेतलंय अशी खरोखर वाटलेली पण अवाजवी भीती. त्याच्या खाली इन्व्हॉलंटरी मॅनस्लॉटर, म्हणजे मारायचा हेतू नसताना बेपर्वाईने झालेली हत्या. प्रत्येक पायरीचा वेगळा कागद. चर्चा हव्या त्या क्रमाने करा, पण खालच्या कागदावर ‘दोषी’ लिहून द्यायचं तर आधी वरच्या कागदावर बाराही जणांचं ‘निर्दोष’वर एकमत हवं. आणि एक वाक्य मी वहीत दोनदा अधोरेखित केलं: निकाल देताना शिक्षेचा विचार करायचा नाही. कोणत्या पायरीला किती वर्षं, हे कुणी सांगितलंही नाही. मी नंतर शोधलं. सेकंड डिग्रीला १५ वर्षं ते जन्मठेप. व्हॉलंटरीला ३, ६ किंवा ११. इन्व्हॉलंटरीला २, ३ किंवा ४.

हे वाक्य ऐकताना मला दादाच आठवला. आपल्याकडे वाद सुरूच होतो आकड्यापासून. गुन्हा काय, आरोपीच्या मनात काय होतं, हे मागाहून. आधी कलम कुठलं आणि त्याला किती वर्षं. पानवाल्यालाही तीनशे दोन माहीत आहे. इथे बारा माणसं एका माणसाचं आयुष्य ठरवतात आणि त्यांना आकडाच ठाऊक नसतो.

मधल्या पायऱ्या कोण ठेवतं, हा प्रश्न मात्र मला २७ वर्षांपूर्वीच पडला होता. १९९७ साली आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये होतो. मला काम करायची परवानगी नव्हती, त्यामुळे दिवसभर टीव्ही. त्या ऑक्टोबरात सगळीकडे एकच खटला चालू होता: लुईझ वुडवर्ड, इंग्लंडहून मुलं सांभाळायला आलेली एकोणीस वर्षांची मुलगी. तिच्या ताब्यात असलेलं आठ महिन्यांचं बाळ डोक्याच्या दुखापतीने गेलं होतं. बाळाचे वडील भारतीय वंशाचे, म्हणून आमच्या पॉटलकमध्ये भाताचं भांडं उघडायच्या आधी हाच विषय.

आरोप फर्स्ट डिग्री मर्डरचा, म्हणजे सगळ्यात वरच्या पायरीच्या खुनाचा. सरकारी वकिलांना ज्युरीपुढे मॅनस्लॉटरचीही पायरी हवी होती. बचाव पक्ष म्हणाला, नको. खून म्हणा नाहीतर सोडा. त्यांचा हिशेब असा की या पोरीला खुनी म्हणायला ज्युरी धजावणार नाही. जज हिलर झोबेल यांनी तिला स्वतःला विचारून खात्री करून घेतली आणि मॅनस्लॉटर काढून टाकलं. ३० ऑक्टोबरला निकाल आला: सेकंड डिग्री मर्डर. जन्मठेप, निदान १५ वर्षं आत. तिचा हंबरडा टीव्हीवर ऐकताना माझ्या हातातली कणीक तशीच वाळून गेली होती.

मग ११ दिवसांनी, १० नोव्हेंबरला, त्याच जजनी निकाल स्वतःच इन्व्हॉलंटरी मॅनस्लॉटरवर आणला आणि शिक्षा दिली २७९ दिवसांची, म्हणजे तोवर भोगली तेवढीच. जी पायरी ज्युरीपुढून उचलली होती, ती जजनी मागच्या दाराने परत आणली. पुढच्या वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध ३ अशा मतांनी ते कायम केलं, पण सरकार पक्ष मागत असताना मॅनस्लॉटरची सूचना नाकारायला नको होती, असंही सुनावलं. जन्मठेप ते सुटका, सगळं एका मोसमात. पुरावा मात्र तोच होता, त्यातलं एक अक्षर बदललं नव्हतं.

हा जुगार बचाव पक्षाने लावला होता. अलाबामात तो खुद्द कायद्याने लावला होता: फाशीच्या गुन्ह्यात ज्युरीने दोषी म्हणायचं किंवा सोडून द्यायचं, मधलं काही नाही. १९८० साली बेक खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो मोडीत काढला. कारण साधं आहे. माणसाने काहीतरी वाईट केलंय हे ज्युरीला दिसतंय, पण नेमका हाच गुन्हा का, याची खात्री नाही. समोर दोनच दारं ठेवली तर शंकेचा फायदा द्यायला शिकवलेली माणसंसुद्धा त्याला मोकळं सोडायला कचरतात आणि मोठं दार उघडतात. कधी उलटही होतं. कॅलिफोर्नियाचा नियम म्हणून मला सगळ्यात पटतो: पुराव्यात खालच्या गुन्ह्याला पुरेसा आधार असेल तर वकिलांनी मागो न मागो, आरोपीला नको असलं तरी, जजनी ती पायरी ज्युरीपुढे ठेवायचीच.

बाकावर माझ्या शेजारी दुसरा राखीव गडी होता, निवृत्त बस ड्रायव्हर. त्याला हे काही पटलेलं नव्हतं. त्याचं म्हणणं, तीन कागद दिले की माणसं मधलाच उचलतात, दुकानात मधल्या मापाची कॉफी घेतात तशी. याला माझ्याकडे चोख उत्तर नाही. तडजोडीचे निकाल लागतात. खुनाला कमी माप मिळतं, तसं जो सुटायला हवा तोही मधल्या पायरीवर अडकतो. तरीही दोन दारांच्या जुगारापेक्षा मला हा धोका परवडतो.

आता दादाला जे सांगायचं होतं ते. आपल्याकडे ही पायरी कुणी काढून घेऊच शकत नाही. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम २२२ म्हणायचं: मोठ्या गुन्ह्याचा आरोप ठेवलाय आणि पुराव्यातून त्यातलाच लहान गुन्हा सिद्ध झाला, तर वेगळा आरोप नसतानाही न्यायाधीश त्यासाठी दोषी ठरवू शकतात. ३०२ खाली उभा केलेला आरोपी ३०४ खाली शिक्षा घेऊन जातो, हे आपल्या कोर्टात नित्याचं आहे. कायदा शहाणा आहे. पण त्या पायरीवरची भांडणं आपण पोलीस चौकीत पहिल्याच रात्री उरकायला बघतो. एफआयआरमध्ये कुठला आकडा पडला, यावर न्याय झाला की नाही ते ठरतं. त्याच वर्षी जुलैत वरळीला बीएमडब्ल्यूने स्कूटरवरच्या बाईला चिरडल्याचं प्रकरण झालं तेव्हा जुन्या दंड संहितेच्या जागी नवी न्याय संहिता लागू होऊन आठवडाही झाला नव्हता. ३०२ चं १०३ झालं होतं, ३०४ चं १०५. दादाने दोन दिवसांत नवे आकडे पाठ केले.

चौकीत चढवलेला आकडा कोर्टात टिकतोच असं नाही, हे मुंबईकरांनी पाहिलंय. नोव्हेंबर २००६ मध्ये वांद्र्याच्या कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेले सात मजूर अ‍ॅलिस्टर परेराच्या गाडीखाली मेले. सत्र न्यायालय ३०४ अ वर उतरलं, सहा महिने. लोक संतापले. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि ३०४ भाग दोनवर चढवून तीन वर्षं दिली. सर्वोच्च न्यायालयाने ते २०१२ मध्ये कायम केलं. पाच वर्षांहून जास्त लागली दोन पायऱ्यांमधला फरक ठरायला: दारू पिऊन असं चालवलं तर माणसं मरू शकतात, हे त्याला कळत होतं की नव्हतं? मला वाटतं ओरडायचंच असेल तर या पाच वर्षांवर ओरडावं.

आणि नानावटी. ज्युरी म्हटलं की आपल्याकडचा कुणीही मला नानावटीच ऐकवतो: बघा, म्हणून आपण ती पद्धत मोडली. २७ एप्रिल १९५९ ला नौदलातल्या कमांडर नानावटींनी प्रेम आहुजाला गोळ्या घातल्या, ज्युरीने ८ विरुद्ध १ निर्दोष म्हटलं, एवढं सगळ्यांना पाठ असतं. ज्युरीपुढे दोन आरोप होते हे फारसं कुणाला ठाऊक नसतं: ३०२ आणि ३०४ भाग एक. म्हणजे पायरी होती. भावनेच्या भरात बायकोच्या प्रियकराला मारलं, असं म्हणून मधे थांबता आलं असतं. आठ जण तीही ओलांडून थेट बाहेर गेले.

हे माझ्या म्हणण्याला छेद देणारं उदाहरण आहे, मान्य. पण पुढे काय झालं तेही पाहा. सत्र न्यायाधीशांना निकाल पटला नाही, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. तिथे ज्युरीच्या अकलेआधी न्यायाधीशांनी ज्युरीला काय समजावलं ते तपासलं गेलं. झटापटीत चुकून गोळी सुटली असं म्हणायचं तर ते दाखवायची जबाबदारी आरोपीवर येते, हे सांगितलं नव्हतं. गंभीर आणि अचानक प्रक्षोभाचा बचाव कायद्यात कशाला म्हणतात, तेही नीट उलगडलं नव्हतं. आहुजाबद्दल कळल्यावर नानावटी बायकोमुलांना मेट्रो सिनेमाला सोडून जहाजावर गेले, रिव्हॉल्व्हर घेतलं, मग आहुजाच्या घरी. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये म्हटलं, मधे जवळजवळ तीन तास गेले, डोकं थंड व्हायला तेवढे पुरेत. खून, जन्मठेप. त्या नऊ जणांना तीन तासांचा अर्थ कुणी नीट सांगितला असता तर? सगळ्या मुंबईचे पेपर एकीकडे आणि न्यायाधीशांचा आवाज एकीकडे, कदाचित तरीही ते तसेच वागले असते. पण मी तासभर ऐकलेली ती रटाळ पोथी मला तेव्हापासून रटाळ वाटत नाही.

आमच्या बारा जणांना दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी सकाळी बोलावलं, क्लार्कने पहिला कागद वाचला: निर्दोष. मेलेल्या माणसाच्या आईने मान खाली घातली. दुसरा वाचला: दोषी. मारणाऱ्याच्या बायकोने मान खाली घातली. जजनी आमचे आभार मानले आणि आता कुणाशीही बोलायला मोकळे आहात म्हणाले.

घरी येऊन पहिला फोन दादाला. सगळं ऐकून घेतलं त्याने, मधे एकदाही न बोलता, जे त्याच्या बाबतीत नवलच.

“मग किती वर्षं?”

“ठाऊक नाही रे. शिक्षा नंतर जज ठरवतात, आम्हाला नाही बोलावत.”

“बरं, कलम तरी सांग.”

“तुझ्या भाषेत? तीनशे चार.”

पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाला, “वहिनीच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय पुढच्या महिन्यात.”