पंचाहत्तरपैकी एक्केचाळीस

वाऱ्याच्या झुळकीसरशी हलणारी शिल्पे घडवण्यात ज्यांनी हयात घालवली, त्या अलेक्झांडर कॉल्डर यांचे एक शिळाछाप चित्र आमच्या न्यू जर्सीतील घरी आले आणि ते सोडून घरातील बाकी सगळे हलू लागले. एक भलेमोठे लाल वर्तुळ, दोन काळ्या नागमोडी रेषा, एक पिवळा त्रिकोण आणि कोपऱ्यात निळा ठिपका, एवढाच चित्रातला ऐवज. सांगलीहून मुक्कामाला आलेले माझे सासरे अण्णा हे साखर कारखान्यातले निवृत्त चीफ इंजिनिअर. त्यांनी खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेले ‘४१/७५’ वाचले आणि म्हणाले, “जावईबापू, पंचाहत्तरपैकी एक्केचाळीस म्हणजे जेमतेम सेकंड क्लास. तेसुद्धा मास्तरांनी सढळ हाताने दिलेले दिसतात.”

हे गुण नसून पंचाहत्तर प्रतींपैकी ही एक्केचाळिसावी आहे, असे मी सांगितल्यावर सासूबाई कळवळून म्हणाल्या, “अगंबाई, म्हणजे आणखी चौऱ्याहत्तर घरांत हेच चालले असेल!”

मग मी छपाईची बाजू मांडली. दगडावर किंवा जस्ताच्या पत्र्यावर तेलकट खडूने चित्र काढायचे, वर पाणी फिरवायचे, म्हणजे शाई फक्त तेलकट जागी बसते. शिवाय प्रत्येक रंगाचा दगड निराळा आणि दर वेळी कागद नेमक्या जागी बसवायचा, नाहीतर लाल वर्तुळ काळ्या रेषेवर चढते. सांगलीच्या देवघरातली रविवर्म्याची लक्ष्मी याच विद्येने छापलेली आहे आणि तो छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघून पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, हेही सांगून टाकले. “असेल,” सासूबाई म्हणाल्या, “पण लक्ष्मीचे चार हात मोजून घेता येतात. इथे काय मोजायचे?”

खरी कसोटी चित्र टांगताना लागली. उन्हाने रंग उडतात म्हणून खिडकीसमोरची भिंत बाद झाली. उरलेल्या भिंतीला खिळा मारायला घरमालकाची मनाई. वरची बाजू कोणती, यावरही एकमत होईना. सही खाली आहे, असे मी म्हणालो, तर “सही काय, माणूस कागद फिरवूनही करतो,” असा अण्णांचा अनुभवसिद्ध शेरा आला. शेवटी वैतागून मी सांगितले की कॉल्डर मेकॅनिकल इंजिनिअर होते आणि त्यांनी १९१९ मध्ये इथल्याच होबोकेनच्या स्टीव्हन्स इन्स्टिट्यूटमधून पदवी घेतली होती.

“हे आधी का नाही बोललात?” म्हणत अण्णा उठले. वर्तुळाचे फ्लायव्हील झाले, रेषांचा पट्टा झाला, त्रिकोण टेकू ठरला. दोऱ्याला किल्ल्यांचा जुडगा बांधून त्यांनी ओळंबा केला, काचेसकट चौकटीचे वजन काढले आणि चिकटवायच्या हुकांची संख्या दुप्पट केली.

पुढच्या शनिवारी जेवायला आलेल्या एका पाहुण्यांनी चित्राचा अर्थ विचारला. “अर्थ काय विचारता? माणूस मेकॅनिकलचा होता,” अण्णा म्हणाले. दुर्दैवाने पाहुणे सिव्हिलचे निघाले आणि सासूबाईंची पुरणपोळी गार होईपर्यंत कोणी पानावर बसले नाही.