48 तासांत कल्पना तपासा म्हणे!

धंदा काढायच्या विचारात असलेल्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज कायम फिरत असतो. शब्द बदलतात, सार तेच: कल्पना चालेल की नाही हे 48 तासांत, एकही रुपया न घालवता कळतं. 100 ओळखीच्यांना गूगल फॉर्म पाठवा, 70 जण ‘घेऊ’ म्हणाले की बाजार आहे समजा. एक साधं वेबपेज टाकून नावं गोळा करा, इंटरनेटवर फाइली साठवून देणाऱ्या ड्रॉपबॉक्सने नुसत्या व्हिडिओवर 75,000 माणसं जमवली. प्रतिस्पर्धी सापडला नाही तर सोन्याहून पिवळं. आणि दोन दिवसांत प्रतिसाद आला नाही तर कल्पना टाका, पुढची घ्या.

मी हा मेसेज अक्षरशः पाळला आहे, म्हणून बोलतोय. डोंबिवलीत निवडलेली-चिरलेली भाजी घरपोच द्यायची, अशी माझी कल्पना. साडेआठच्या लोकलने घरी पोचणाऱ्या बाईला मेथीची जुडी निवडायला वेळ कुठून मिळणार?

फॉर्म सोसायटीच्या ग्रुपवर गेला, आईच्या भिशीत गेला, शाळेच्या मित्रांत गेला. 64 जणांनी भरला. 58 जणांनी ‘हो, नक्की घेऊ’वर खूण केली. तिघींनी खाली ‘खूप गरज होती रे याची’ असंही लिहिलं. पुढच्या सोमवारी ऑर्डरी आल्या चार, त्यातली एक मावशीची.

कुणी खोटं बोललं असं मला वाटत नाही. ओळखीच्या घरातल्या मुलाने काही नवीन काढलं की आपल्याकडे ‘छान, कर कर’ म्हणतात. तो आशीर्वाद असतो. मी तो ऑर्डर म्हणून वहीत लिहून घेतला, ही चूक माझी. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी तर जिन्यातच थांबवून सांगितलं, ‘‘अरे, मी घेतलीच असती. पण आमचे हे रिटायर झालेत ना, बातम्या बघत बघत मेथी निवडतात. तेवढाच त्यांचा वेळ जातो. ती पण बंद केली तर माझ्या डोक्यावर बसतील.’’

आता हे उत्तर फॉर्ममध्ये कुठल्या चौकोनात बसवायचं?

‘घ्याल का?’ या प्रश्नातच खोट आहे. भविष्यकाळात सगळेच शहाणे असतात. रोज चालायला जातात, भाजी निवडून मिळाली तर घेतात. म्हणून मी प्रश्न भूतकाळात नेला. दोन संध्याकाळी जिन्यात, लिफ्टपाशी, गच्चीत जी भेटेल तिला विचारलं: गेल्या महिन्यात निवडायच्या कंटाळ्याने आणलीच नाही, अशी भाजी कोणती? मेथीचं नाव एकीनेही घेतलं नाही. अळू आलं, खाजेमुळे. कडवे वाल आले. आणि पुन्हा पुन्हा आलं ते केळफूल. ‘‘सासूबाई गेल्यापासून आमच्याकडे झालंच नाही,’’ असं एक जण म्हणाली तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, इथे काहीतरी आहे. मग मी सगळ्यांना एकच मेसेज टाकला: शनिवारी सोलून-चिरून देतो, 60 रुपये आत्ता जीपे करा. चौदा जणींनी केले.

तेव्हा झटपट आणि जवळजवळ फुकट तपासता येतं, एवढं त्या मेसेजचं मला मान्य आहे. फक्त मत विचारू नका, पैसे मागा. पैसे मागायला लाज वाटते, म्हणूनच फॉर्म इतके लोकप्रिय आहेत.

आगाऊ पैसे हेही काही ब्रह्मवाक्य नाही. टाटा नॅनोसाठी 2009 मध्ये दोन लाखांवर लोकांनी पैसे भरून नोंदणी केली होती. जून 2018 मध्ये कंपनीने अख्ख्या महिन्यात एक नॅनो बनवली. मधल्या काळात बरंच काही घडलं, सिंगूरहून हलवलेला कारखाना साणंदला सुरू व्हायला 2010 उजाडलं, गाड्यांना आगी लागल्याच्या बातम्या आल्या, ‘सर्वांत स्वस्त’ हा शिक्काच नडला. पण पहिली खरेदी नवलाईचीही असते, हे त्यातून दिसतं. माझ्या चौदाजणींपैकी तीन आठवड्यांनी पुन्हा मागणाऱ्या सहा होत्या. खरा आकडा तो सहाचा.

आता ड्रॉपबॉक्स. या कथेचं अर्धं वाक्यच फिरतं. 2008 मध्ये ड्रॉपबॉक्सच्या ड्रू ह्यूस्टनने डिग या बातम्यांच्या साइटवरच्या मंडळींसाठी त्यांच्याच चेष्टामस्करीच्या खुणा पेरून एक व्हिडिओ केला आणि प्रतीक्षायादी एका रात्रीत 5,000 वरून 75,000 वर गेली, हे खरं. पण तोवर कंपनी वाय कॉम्बिनेटर या नव्या कंपन्यांना पैसा आणि सल्ला देणाऱ्या संस्थेतून बाहेर पडली होती, सिक्वाया कॅपिटल या गुंतवणूकदार कंपनीचे पैसे 2007 मध्येच आले होते, आणि आत काम करणारं सॉफ्टवेअर होतं. शिवाय फुकट वापरणारा माणूस हा त्या धंद्याचाच भाग. आज फुकट वापरेल, उद्या जागा पुरली नाही की पैसे भरेल. केळफुलाच्या धंद्यात फुकट घेणाऱ्याला काय म्हणतात ते सांगायला नको. वेबपेज टाकायचंच असेल तर ऑनलाइन बूट विकणाऱ्या झॅपोसकडे बघा. 1999 मध्ये तिच्या संस्थापकाने, निक स्विनमर्नने, बुटांच्या दुकानांत जाऊन फोटो काढले, ते साइटवर टाकले, ऑर्डर आली की त्याच दुकानातून पूर्ण किमतीला बूट विकत घेऊन पाठवले. तिथे मोजली गेली ती खरेदी. आणि अशा ऑर्डरीत नफा राहत नाही, म्हणजे तीही तपासणी फुकट झालेली नाही.

प्रतिस्पर्धी नाही म्हणजे रान मोकळं, यावर फार शाई घालवत नाही. संध्याकाळच्या कल्याण लोकलचा लेडीज डबा डोळ्यांसमोर आणा. मांडीवर पिशवी, गप्पा चालू, गवार मोडली जातेय, मटार सोलले जातायत. दादर स्टेशनबाहेर सोललेल्या वालांचे वाटे मांडून बसलेल्या बायका आहेत. यातलं काहीही गूगलवर शोधून सापडत नाही. मला ‘प्रतिस्पर्धी शून्य’ असं उत्तर मिळालं होतं, कारण बातम्या बघत मेथी निवडणाऱ्या काकांची वेबसाइट नाही.

सगळ्यात जास्त राग मला ‘खर्च शून्य’चा आहे.

केळफूल सोलायचं म्हणजे आधी हाताला तेल लावायचं. लाल पाकळ्या एकेक उकलायच्या, आतली फण्यांसारखी फुलं काढायची, प्रत्येक फुलातला कडक दांडा आणि पारदर्शक पापुद्रा उपटायचा, मग बारीक चिरून रात्रभर पाण्यात घालायचं. एकाला पाऊण तास. चौदा केळफुलं म्हणजे साडेदहा तास, आणि त्यातले माझे फार तर तीन. बाकीचे आईचे. तेल लावूनही बोटं काळी होतात ती होतातच. सोमवारी भिशीत ती हात पदराखाली घेऊन बसली होती, हे मला नंतर दुसऱ्याच कुणीतरी सांगितलं.

हिशेब मांडला तेव्हा मीच गप्प झालो. केळफूल 25 रुपये, पिशवी आणि रिक्षा धरून 10. विकलं 60 ला. नफा 25, असं मी आनंदाने सांगत फिरत होतो. आईच्या पाऊण तासाला तासाचे साठ रुपये धरले तरी 45 होतात. म्हणजे प्रत्येक पुड्यामागे मी 20 रुपये तोट्यात होतो आणि तो तोटा ती भरत होती. घरगुती डबे, दिवाळीचा फराळ, मसाले, पापड: ‘शून्य भांडवलात सुरू केलं’ अशा जितक्या गोष्टी आपण ऐकतो, त्यांत कुणाची तरी आई, बायको किंवा वहिनी बिनपगारी राबत असते.

लिज्जतचं उदाहरण याच मेसेजांत ‘बिनभांडवली’ म्हणून येतं. 15 मार्च 1959 ला गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात जणी बसल्या, त्या उसन्या घेतलेल्या 80 रुपयांवर. पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटं झाली. तिथे कर्ज होतं, आणि ते फेडायचं म्हणून हिशेबही होता. पुढे संस्था वाढली ती लाटणाऱ्या बाईला लाटण्याचे पैसे देऊन आणि तिलाच मालकीण मानून. श्रम शून्य धरून ते गणित सुटलं नसतं.

राहिले 48 तास. लोकांच्या घरातल्या खोल्या पाहुण्यांना भाड्याने मिळवून देणाऱ्या एअरबीएनबीच्या दोघांनी ऑक्टोबर 2007 मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोत परिषदेमुळे हॉटेलं भरलेली असताना, आपल्याच घरात हवेच्या गाद्या टाकून तीन पाहुणे ठेवले. मेसेज इथेच थांबतो. पुढच्या मार्चमध्ये ऑस्टिनच्या महोत्सवासाठी त्यांनी साइट पुन्हा आणली तेव्हा बुकिंग झाली दोन, आणि त्यातलं एक त्या दोघांतल्याच ब्रायन चेस्कीचं स्वतःचं होतं. दोन दिवसांचा नियम लावला असता तर तिथेच गाशा गुंडाळावा लागला असता. दोन दिवसांत एवढंच कळतं की हा प्रश्न, या माणसांना, या भावात विचारून काय झालं. माझा मेथीचा प्रयोग पडला आणि केळफुलाचा उभा राहिला, तो बाजार बदलला म्हणून नव्हे; सोसायटी तीच होती.

भाव 110 केला तेव्हा सहांपैकी एकीने सरळ सांगितलं, ‘‘एवढ्यात मी स्वतःच सोलीन.’’ पाच राहिल्या. शेजारच्या दोन इमारतींत आता विचारतोय, पैसे आधी घेऊनच. आईने तिचा दर ठरवून दिलाय: एका केळफुलाचे 45, शनिवारी रात्री हातात, आणि एका वेळी आठाच्या वर नाही.