युरो, कोपा आणि फातोर्ड्याची ती रात्र

काल रात्री आमच्या ग्रुपवर परत तोच वाद पेटला, फुटबॉलमध्ये युरो भारी की कोपा अमेरिका भारी, म्हणजे युरोपातल्या देशांचा कप की दक्षिण अमेरिकेतल्या. चौदा जण आहोत आम्ही, बहुतेक गोव्यातल्या फोंड्याचे, दोघं मडगावचे, एक आता दुबईला, सगळे शाळेपासूनचे. एक वाजेपर्यंत मेसेज चालू होते. मी काही लिहिलं नाही कारण मला जे म्हणायचंय ते दोन ओळींत बसत नाही, म्हणून इथे लिहितोय. लांबलंय, सवडीने वाचा.

आधी युरोचं. खेळ म्हणाल तर युरोसारखी स्पर्धा नाही, हे मी आधीच मान्य करतो, त्यात भांडायचं कारणच नाही. २०२४ ला स्पेन सातच्या सात मॅच जिंकली, वाटेत इटली, जर्मनी, फ्रान्स, इंग्लंड, एक सोपी टीम समोर आली म्हणायची सोय नाही. यामालने सेमीफायनलला फ्रान्सविरुद्ध मारलेला तो गोल मी अजून फोनवर काढून बघतो, पोरगा सोळा वर्षांचा रे! आमच्याकडे त्या वयात पोरं बारावीच्या ट्यूशनला जातात.

आणि युरोचं गोव्याशी वेगळं नातं आहे ते बाहेरच्यांना सांगून कळत नाही. २००४ ची फायनल मी बाजूच्या आंटीच्या घरी बघितली, त्यांच्याकडे मोठा टीव्ही होता आणि दोन मुलं लिस्बनला. फायनलही लिस्बनलाच, पोर्तुगाल विरुद्ध ग्रीस. ग्रीसच्या खारिस्तेआसने हेडर मारला आणि त्या घरात जी शांतता झाली ती मला आजही आठवते, आंटी उठून आत गेल्या त्या बाहेर आल्याच नाहीत, आम्ही पोरं चपला घालून गुपचूप निघालो. मग २०१६ ला रोनाल्डो दुखापत होऊन बाहेर बसलेला असताना पोर्तुगालच्या एडरने १०९व्या मिनिटाला फ्रान्सला गोल मारला, आपल्याकडे पहाटेचे तीन वाजत आलेले, बाहेर पाऊस, आणि त्याच घरातून आंटींची हाक आली, बाळा बघितलंस काय? बारा वर्षांनी. त्यांची मुलं तिकडे स्टेडियममध्ये नव्हती, कुठल्याशा रेस्टॉरंटात कामावर होती, पण फोन चालू होता, तिकडचा आवाज आणि इकडचा आवाज एकत्र. म्हणून कोणी म्हणालं की गोयकारांनी पोर्तुगालला सपोर्ट करणं म्हणजे गुलामी, तर मला ते पटत नाही. ज्याचं लेकरू तिकडे राबतंय त्याला तिकडच्या टीमबद्दल काहीतरी वाटणारच.

पण युरोची आता एक गोष्ट मला खटकते. २०१६ पासून चोवीस टीम केल्या. म्हणजे ग्रुपच्या छत्तीस मॅच खेळायच्या आणि घरी जाणार फक्त आठ टीम. सोळा टीमचा युरो होता तेव्हा पहिल्या मॅचपासून जीव टांगणीला असायचा, आता तीन ड्रॉ करूनही माणूस पुढे सरकतो. आणि दुसरं म्हणजे तेच चेहरे. शनिवार-रविवार क्लबच्या मॅचमध्ये जे बघतो तेच जूनमध्ये दुसरी जर्सी घालून. चांगलंच असतं, पण नवीन काय?

कोपाचं तसं नाही. कोपा १९१६ पासून चालू आहे, युरो सुरू झाला १९६०ला, म्हणजे वयाने मोठा भाऊ कोण ते स्पष्ट आहे. दहाच देश, सगळे एकमेकांना शंभर वर्षं ओळखतात, म्हणून पाहुण्या टीम बोलवून आकडा वाढवतात, आणि त्या ओळखीचा राग मैदानात दिसतो. युरोपात क्लबमध्ये गोड वागणारे प्लेअर कोपात एकमेकांची हाडं मोडायला निघतात. मेस्सी २०१५ आणि २०१६, दोन्ही वर्षं चिलीशी पेनल्टीवर हरला, दुसऱ्यांदा तर स्वतः पेनल्टी बाहेर मारली आणि देशाकडून खेळणं सोडतो म्हणाला. तो माणूस परत आला आणि २०२१ ला माराकानावर, ब्राझीलच्या घरात, डी मारियाच्या एका गोलवर कप उचलला. अर्जेंटिनावाल्यांनी त्या दिवशी आमच्या नाक्यावर जिलेबी वाटली. ब्राझीलवाल्यांनी ती खाल्ली पण, हे विशेष.

१५ जुलै २०२४ ची रात्र मात्र मी मरेपर्यंत विसरणार नाही, कारण एकाच रात्रीत दोन्ही फायनल. साडेबाराला बर्लिनची, स्पेन २, इंग्लंड १. झोपलोच नाही, कारण साडेपाचला मायामीची कोपा फायनल. टीव्हीवर नव्हती, पुतण्याने कुठलीतरी लिंक शोधून दिली, फोन स्टीलच्या डब्याला टेकवून ठेवलेला. आणि मॅच सुरूच होईना, तिकडे गेटवर गर्दीने गोंधळ घातलेला, तासाभराहून जास्त उशीर. बाहेर मुसळधार पाऊस, करंट दोनदा गेला. मध्येच पोदेर, म्हणजे आमचा पाववाला आला, सायकलला प्लास्टिक गुंडाळलेलं, पों-पों करत, मी दारात जाऊन सहा उंडे (पाव) घेतले तर तो विचारतो, सुरू झाली काय? त्याच्याही खिशात फोन होता, आवाज बारीक करून ठेवलेला. मी म्हटलं सुरू झाली की सांगतो, तर म्हणाला तोपर्यंत मी पुढच्या वाड्यावर असणार. मग मेस्सीचा घोटा सुजला, तो बेंचवर बसून लहान पोरासारखा रडला, आणि ११२व्या मिनिटाला लाउतारोने गोल मारला. अर्जेंटिनाची सोळावी कोपा. मी ऑफिसला अर्धा दिवस उशिरा गेलो.

तर हा वाद कसा रंगतो ते मला माहीत आहे, मीही त्यात वर्षानुवर्षं भांडलोय. पण त्याच वर्षी जानेवारीत अजून दोन स्पर्धा झाल्या होत्या, एकाच वेळी, आणि त्यांच्याबद्दल ग्रुपवर चार मेसेजही आले नाहीत. कतारमध्ये आशिया कप आणि आयव्हरी कोस्टमध्ये आफ्रिका कप. संध्याकाळी आशिया, रात्री आफ्रिका. आमच्याकडे जत्रांचे दिवस, घरचे सगळे जत्रेला आणि मी टीव्हीसमोर, बायकोने तेव्हा काय काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

आयव्हरी कोस्टचं काय झालं ठाऊक आहे? यजमान टीम, ग्रुपमध्ये इक्वेटोरियल गिनीकडून चार-शून्य हरली. स्वतःच्या देशात. कोच गेला. तिसऱ्या नंबरच्या टीममधून कशीबशी ढकलून पुढे आली, मग सेनेगलला पेनल्टीवर, मालीविरुद्ध दहा जणांनी खेळून नव्वदाव्या मिनिटाला बरोबरी आणि एक्स्ट्रा टाइमच्या अगदी शेवटी विजय, आणि फायनलला नायजेरियाविरुद्ध सेबास्तियन हालेरचा ८१व्या मिनिटाचा गोल. हालेर म्हणजे जो कॅन्सरमधून बरा होऊन आला होता तो. असं कथेत लिहिलं तर वाचणारा म्हणेल काहीही! आणि आम्ही त्या वेळी काय बोलत होतो, तर कुठल्या क्लबचा कुठला प्लेअर आफ्रिकेला गेल्यामुळे त्या क्लबचं नुकसान होतंय.

पण मला त्या स्पर्धेत खरं धरून ठेवलं ते केप व्हर्डने. गोयकारांनो, हे जरा नीट वाचा. केप व्हर्ड, समुद्रातली बेटं, लोकसंख्या पाच लाखांच्या आसपास. आपल्या गोव्याची २०११ च्या जनगणनेत साडेचौदा लाख होती. आपल्यासारखाच पोर्तुगीजांच्या ताब्यात होता, आपण १९६१ ला सुटलो, ते १९७५ ला. आडनावं बघा, मेंडिस, रॉड्रिग्ज, वाटतं साष्टीच्या कुठल्यातरी गावची टीम खेळतेय. त्या टीमने घानाला हरवलं, मोझांबिकला हरवलं, इजिप्तशी बरोबरी केली, ग्रुपमध्ये पहिली आली, आणि क्वार्टरफायनलला दक्षिण आफ्रिकेच्या रॉनवेन विल्यम्सने चार पेनल्टी अडवल्या म्हणून बाहेर गेली, नाहीतर अजून पुढे गेली असती. आफ्रिका कपमध्ये ही टीम पहिल्यांदा आली २०१३ ला. म्हणजे काल-परवा. आणि १३ ऑक्टोबर २०२५ ला तीच टीम एस्वातिनीला तीन-शून्य हरवून वर्ल्ड कपला पोचली. आपल्या गोव्याच्या निम्म्याहूनही कमी माणसं असलेला तो देश.

ती तारीख मुद्दाम लिहिली. कारण दुसऱ्या दिवशी, १४ ऑक्टोबरला, फातोर्ड्याला, म्हणजे मडगावच्या स्टेडियमवर, भारत-सिंगापूर मॅच होती.

आशिया कपची क्वालिफायर. हरलो तर बाहेर, साधी गोष्ट. पाच दिवस आधी सिंगापूरमध्ये त्यांच्याशीच खेळताना आपल्या झिंगनला रेड कार्ड मिळूनही रहीम अलीने नव्वदाव्या मिनिटाला बरोबरी करून दिली होती, आशा होती. मी ग्रुपवर विचारलं, कोण कोण येणार? चौदा जणांतून आम्ही तिघं निघालो. मंगळवार आहे, मीटिंग आहे, पोराची परीक्षा आहे, मोबाइलवर बघतो. बोरीच्या पुलावर ट्रॅफिक लागला तेव्हा आम्ही तिघंही गप्प होतो, कोणाच्या मनात काय ते सगळ्यांना माहीत होतं.

माझ्या बाजूला एक नऊ-दहा वर्षांचा पोरगा बसला होता, बाबांबरोबर आलेला, सांग्याकडचे कुठले. पोराने अर्जेंटिनाची जर्सी घातलेली. बाबा मला आपणहून म्हणाले, इंडियाची निळी शोधली हो, त्याच्या साइझची मिळाली नाही, ही तरी निळी-पांढरी आहे. गालावर तिरंगा काढलेला, घामाने हिरवा रंग हनुवटीपर्यंत उतरला होता. १४व्या मिनिटाला छांगतेने गोल मारला तेव्हा तो पोरगा खुर्चीवर उभा राहून माझ्या गळ्यातच पडला, ओळख ना पाळख. मी मेस्सीच्या गोलवर ओरडलोय, एडरच्या गोलवर ओरडलोय, पण त्या ओरडण्यात आणि ह्यात काय फरक आहे तो मला त्या क्षणी कळला. तिकडे मी नसलो तरी गोल होणारच होता. इथे वाटत होतं की आम्ही सगळ्यांनी मिळून तो आत ढकलला.

मग ४४व्या मिनिटाला सिंगापूरच्या साँग उइ-यंगचा गोल. हाफ टाइमला एक मिनिट राहिलेलं असताना. मग ५८व्या मिनिटाला परत साँग. पुढचा अर्धा तास मी बसलो नाही, कोणीच बसलं नाही आमच्या रांगेत. एक-दोन हरलो. संपलं. २०२७ चा आशिया कप आपल्याशिवाय. त्या पोराच्या बाबांनी झेंडा घडी घालून पिशवीत ठेवला, अगदी कोपरे जुळवून, आणि पोरगा तोंड धुवायला नको म्हणून रडत होता.

बाहेर गाड्यावर रस-ऑम्लेट खात आम्ही तिघं उभे होतो, घास उतरत नव्हता. आणि तेव्हाच ग्रुपवर मेसेज आला, अरे अल नास्सरची तिकिटं कोणाकडे आहेत काय, काहीही किंमत देतो. २२ तारखेला त्याच मैदानावर एफसी गोवा विरुद्ध अल नास्सर, म्हणजे रोनाल्डोचा सौदी क्लब, अशी मॅच होती, तो येणार म्हणून सगळे वेडे झालेले. रोनाल्डो आलाच नाही. तिथेही एक-दोन हरलो, पण आपल्या ब्रायसनने गोल मारला, आणि त्या मॅचला चौदातले अकरा जण गेले होते. मी त्यांना दोष देत नाही, मीही गेलो होतो. पण आठवड्याच्या अंतराने एकाच मैदानावर हे बघितल्यावर माणूस विचार करणारच ना.

आशिया कप बोरिंग, दर्जा नाही, असं म्हणतात ते मला मान्य नाही. इराकने २००७ ला देश जळत असताना हा कप जिंकला, युनूस महमूदच्या एका हेडरवर. जॉर्डनने २०२४ ला दक्षिण कोरियाला हरवून फायनल गाठली. ताजिकिस्तान पहिल्यांदाच आला आणि क्वार्टरफायनलला पोचला, आणि हाच ताजिकिस्तान २००८ ला दिल्लीत आपल्याकडून चार-एक हरला होता, छेत्रीची हॅटट्रिक! अगदी २०२५ च्या ऑगस्टमध्येही कोच खालिद जमीलच्या पहिल्याच मॅचला आपण त्यांना त्यांच्या घरी दोन-एक हरवलं. जॉर्डन आणि उझबेकिस्तान वर्ल्ड कपला पोचले. ह्या काही परग्रहावरच्या टीम नाहीत. १९६४ ला ह्याच कपात आपण दुसरे आलो होतो, चुनी गोस्वामी कॅप्टन, गोवा मुक्त होऊन तेव्हा तीन वर्षंही झाली नव्हती.

आणि २०१९ ला थायलंडला चार-एक हरवलं त्या संध्याकाळी आमच्या वाड्यावर किती जण मॅच बघत होते? मी मोजले होते, पाच. बाहरीनविरुद्ध अगदी शेवटी पेनल्टीवर गोल खाल्ला आणि बाहेर पडलो तेव्हा मी दोन दिवस नीट जेवलो नाही, आणि मला सांगायलाही कोणी नव्हतं. हरल्यावर ज्याच्याजवळ बसून हळहळायला माणूस मिळत नाही ती स्पर्धा लोकांना आवडणार कशी? युरोला, कोपाला आपण जी मजा म्हणतो त्यात निम्मी मजा नाक्याची आहे, जिलेबीची आहे, आंटीच्या हाकेची आहे. ती आपणच तिकडे नेऊन ठेवली. इकडे आणली नाही.

म्हणून काल रात्रीच्या वादाला माझं उत्तर आशिया कप. त्यानंतर आफ्रिका. मग कोपा, मग युरो. हसा हवं तर.

आणि ग्रुपवाल्यांनो, तुम्ही हे वाचणार मला माहीत आहे. फातोर्ड्याला भारताची पुढची मॅच जेव्हा कधी लागेल तेव्हा चौदा तिकिटं मी काढणार, पैसे नंतर द्या. दुबईवाल्याने सुट्टीचं बघावं. तीन गाड्या, चार वाजता फोंडा बसस्टँडकडून निघायचं, म्हणजे बोरीला अडकलो तरी राष्ट्रगीताला आत असू. निळी जर्सी लहान साइझची कुठे मिळते ते कोणाला माहीत असेल तर कमेंटमध्ये सांगा, मला एक जास्तीची घेऊन ठेवायची आहे.