‘पेसमेकरचा रिपोर्ट म्हणजे सगळं कळलं’ म्हणणाऱ्या मेसेजमधलं काय खरं, काय खोटं

पेसमेकर बसवलेल्यांच्या घरोघरी एक मेसेज फिरतोय: ‘पेसमेकर प्रत्येक ठोका साठवतो, म्हणून वेगळा ईसीजी नको. रिपोर्टमध्ये एएफ आलं की लगेच रक्त पातळ करणारी गोळी सुरू करा. घरचा मॉनिटर चालू असेल तर डॉक्टर चोवीस तास बघत असतात.’ (एएफ म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, हृदयाच्या वरच्या कप्प्यांची फार जलद, अनियमित धडधड.)

‘प्रत्येक ठोका साठवतो.’ मोजतो, साठवत नाही. मेमरीत राहतात ते आकडे, वेगाचे आलेख आणि ठरवलेल्या निकषात बसलेल्या एपिसोडचे थोड्या वेळाचे इजीएम, म्हणजे हृदयाच्या आतून टिपलेले विद्युत आलेख. जागा भरली की जुने इजीएम सहसा पुसले जातात. शिवाय लीड, म्हणजे हृदयात बसवलेली तार, जिथे आहे तिथलंच दिसतं. एकच लीड आणि तीही खालच्या कप्प्यात असेल, तर वरच्या कप्प्यातलं एएफ अशा यंत्राला थेट कळत नाही.

‘रिपोर्टमध्ये एएफ आलं.’ खरी गफलत इथे आहे. यंत्र निदान करत नाही. वरच्या कप्प्यात सिग्नल ठरावीक वेगापेक्षा, समजा मिनिटाला १९० पेक्षा, जलद आले की नोंद करतं. हा आकडा खोटाही येतो. खालच्या कप्प्याचा मोठा सिग्नल वरच्या लीडलाही ऐकू गेला की एका ठोक्याचे दोन होतात. नाडी ९८ असली तरी यंत्र १९६ धरतं! इजीएमवर अंतरं लांब-आखूड, लांब-आखूड अशी दिसतात आणि दर दुसरा सिग्नल खालच्या ठोक्याला चिकटून येतो. मग ब्लँकिंगचा काळ (ठोक्यानंतर यंत्र सिग्नलकडे दुर्लक्ष करतं ती वेळ) वाढवतात किंवा सेन्सिटिव्हिटी (किमान किती मोठा सिग्नल टिपायचा ती मर्यादा) ०.३ वरून ०.५ मिलिव्होल्टवर नेतात. तेही बेतानेच, कारण खऱ्या एएफमधले सिग्नल बारीक असतात आणि तेच निसटायचे.

दुसरं कारण जास्त फसवं. खालच्या ठोक्याची लहर उलटी वर जाते, यंत्र ती मोजतं पण वेळेच्या गणितात धरत नाही, आणि लगेच वरच्या कप्प्याला स्वतःचा ठोका देतं. तो कप्पा अजून सावरलेला नसल्याने ठोका वाया जातो, पण मोजणीत दोन्ही येतात. बेस रेट (यंत्राने राखायचा किमान वेग) कमी केला किंवा एव्ही डिले (वरच्या आणि खालच्या ठोक्यातलं अंतर) आखूड केला की हे बहुधा थांबतं. असर्ट (ASSERT) नावाच्या अभ्यासात १९० च्या वर आणि ६ मिनिटांपेक्षा लांब अशा नोंदींपैकी १७.३ टक्के खोट्या निघाल्या, त्यातल्या बहुतेक याच कारणाने. लीडची तार तुटत असेल तरी असा गोंधळ होतो. तेव्हा इम्पिडन्सचा (तारेतल्या विद्युत रोधाचा) आलेख आधी बघावा. थोडक्यात, इजीएम डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ‘एएफ’ हा शब्द उच्चारू नये.

‘लगेच गोळी सुरू करा.’ एपिसोड खरा असला तरीही घाई नको. फक्त यंत्राने पकडलेल्या अशा एपिसोडवर २०२३ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. नोआह या चाचणीत एडोक्सॅबान या रक्त पातळ करणाऱ्या गोळीने फायदा सिद्ध झाला नाही, रक्तस्राव मात्र वाढला. आर्टेशिया या दुसऱ्या चाचणीत अ‍ॅस्पिरिनच्या तुलनेत अ‍ॅपिक्सॅबान या तशाच गोळीने पक्षाघात आणि गुठळीचं प्रमाण वर्षाला १.२४ टक्क्यांवरून ०.७८ वर आणलं. रक्तस्राव तिथेही वाढलाच. म्हणून वय, रक्तदाब, मधुमेह, आधीचा पक्षाघात आणि एपिसोड किती तास टिकला, हे सगळं तोलून निर्णय होतो. आधीच चालू असलेली गोळी या मेसेजच्या जोरावर बंद करणं तर आणखी धोक्याचं.

‘ईसीजी नको.’ हवाच. हार्ट अटॅक आला तर तो ओळखणं पेसमेकरचं काम नाही, ते बारा लीडच्या ईसीजीचं. उलट एएफ चालू असतानाही पेसमेकर खालचा कप्पा नियमित चालवत असेल, तर नाडी अगदी एकसारखी लागते. तेव्हा नाडी किंवा घड्याळावर विसंबणारा फसतो आणि वरच्या लीडचं इजीएमच खरं सांगतं.

‘चोवीस तास बघत असतात.’ घरचा मॉनिटर बहुधा रात्री, तुम्ही जवळ झोपलेले असताना, माहिती पाठवतो. ती कर्मचारी कामाच्या वेळेत तपासतात. छातीत दुखलं, शुद्ध हरपली, तर थेट रुग्णालय गाठा. किरकोळ धडधड असेल तर तारीख, वेळ आणि किती मिनिटं टिकली ते लिहून ठेवा, आणि तपासणीच्या दिवशी आकड्यांच्या पानासोबत त्याच वेळेच्या इजीएमची प्रिंट मागा.