रनवे दोन, पण वापर एका वेळी एकाचाच

नमस्कार. तुम्ही लिहिलंय की मुंबईला दोन रनवे असून तासाला 44 विमानं म्हणजे विमानांची ये-जा सांभाळणाऱ्या एटीसीचा आळस, लंडनचं गॅटविक एका रनवेवर 55 करतं, आणि 46 ची मर्यादा 44 वर आणून सरकारनं प्रवाशांच्याच खिशाला चाट लावली. उशिरांचा तुमचा संताप रास्त आहे. पण तो तुम्ही भलत्याच लोकांवर काढताय.

मुंबईचे 09/27 आणि 14/32 हे दोन्ही रनवे एकमेकांना छेदतात. त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी स्वतंत्रपणे काम चालत नाही. 09/27 हा मुख्य, दुसरा आहे तो अडीअडचणीला. जुलै 2019 मध्ये भर पावसात एक विमान मुख्य रनवेच्या पुढे घसरत गेलं, तेव्हा काही दिवस सगळा भार 14/32 वर पडला आणि शेकडो उड्डाणं रद्द झाली.

आता हिशेब सेकंदांत करू. तासाला 46 म्हणजे 78 सेकंदांना एक विमान, 44 म्हणजे 82 ला. घाटकोपरवरून आलेलं विमान मुख्य रनवेच्या 27 या टोकाकडून टेकतं, वेग कमी करत रनवेबाहेर नेणाऱ्या टॅक्सीवेवर वळतं. तोवर टोकाशी थांबलेलं दुसरं रनवेवर येऊन उभं राहतं आणि परवानगी मिळताच धावू लागतं. त्यानं जमीन सोडेपर्यंत पुढचं उतरणारं विमान अगदी जवळ आलेलं असतं. त्यात पुढे मोठं विमान असेल, तर त्याच्यामागच्या हवेच्या भोवऱ्यांमुळे लहान विमानाला आणखी लांब ठेवावं लागतं. 8 जून 2024 ला याच रनवेवर एक विमान उड्डाणासाठी धावत असतानाच मागे दुसरं उतरलं. तेही मर्यादा 44 वर आणल्यानंतर! अशा ठिकाणी चार सेकंदसुद्धा मला मोलाचे वाटतात.

11 नोव्हेंबर 2023 चा 1,032 विमानांचा विक्रम तुम्ही क्षमतेचा पुरावा म्हणून दिलात. भागाकार करून पाहा: रात्रंदिवस, दर तासाला 43. गॅटविकला रात्रीच्या उड्डाणांवर कडक मर्यादा आहे, मुंबईला मध्यरात्रीनंतरही उसंत नाही.

खिशाचं म्हणाल तर फेब्रुवारी 2024 मध्ये कपात करताना नागरी विमान वाहतूक मंत्रालयानं सांगितलं होतं की विमानं 40 ते 60 मिनिटं हवेत घिरट्या घालतायत. 40 मिनिटांत अंदाजे 1.7 किलोलिटर इंधन, म्हणजे तेव्हाच्या दरानं 1.8 लाख रुपये जळतात. तो खर्च शेवटी तिकिटातच येतो ना? शिवाय गर्दीच्या वेळी खासगी विमानांवर असलेले निर्बंध तेव्हाच चार तासांवरून आठ तासांवर नेले. सामान्य प्रवाशाच्या बाजूनं घेतलेला तो निर्णय होता, आणि त्याचं स्वागतच करायला हवं.

25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईहून उड्डाणं सुरू झाली आहेत. तिकडे गेलेल्या विमानांचे स्लॉट, म्हणजे ठरवून दिलेल्या वेळा, इथे लगेच नव्या उड्डाणांनी भरले, तर एका गो-अराउंडनं, म्हणजे एखादं विमान न उतरता पुन्हा वर गेल्यानं, संध्याकाळचं वेळापत्रक आजच्यासारखंच कोलमडेल. त्यातले काही स्लॉट रिकामे ठेवा, अशी मागणी करा. त्यात मी तुमच्यासोबत आहे.