चार काडतुसं, तीन पुंगळ्या

सिडनीच्या हाइड पार्कमध्ये चार काडतुसं उभी आहेत, जवळपास ७ मीटर उंचीची. शेजारी तीन रिकाम्या पुंगळ्या आडव्या पडल्या आहेत. ऑफिस सुटल्यावर माझा रस्ता तिथूनच जातो. एका संध्याकाळी पाऊस आला म्हणून झाडाखाली थांबलो आणि पहिल्यांदा नीट मोजलं. चार आणि तीनच का, ते घरी आल्यावर शोधून वाचलं.

एडी अल्बर्ट हे इथले आदिवासी सैनिक. दुसऱ्या महायुद्धात कैदेतून निसटलेले सात जण इटालियन सैनिकांच्या हाती लागले, त्यांत तेही होते. सातही जणांना रांगेत उभं करून गोळ्या घालायला सुरुवात झाली. तिघं पडल्यावर एका अधिकाऱ्याच्या लक्षात आलं की हे तर युद्धकैदी. उरलेले चौघं वाचले. २०१५ साली उभं राहिलेलं हे स्मारक घडवलं टोनी अल्बर्ट यांनी; ते एडींचे नातू. त्याला नाव दिलं 'यिनिनमाड्येमी', सिडनीच्या मूळ गॅडिगल लोकांच्या भाषेतलं. अर्थ साधारण असा: तू पडू दिलंस.

'तू' म्हणजे कोण, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

दर १ जानेवारीला आमच्या घरच्या ग्रुपवर मामेभावाचा एक मेसेज ठरलेला असतो: इंग्रजांच्या पलटणीत लढून मेले, त्यांचा कसला अभिमान? रोख भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाकडे, इंग्रजांच्या पलटणीतल्या महार सैनिकांच्या आठवणीकडे. कॉलेजात असताना मीही हेच बोलायचो आणि मोठा मुद्दा मांडला असं मला वाटायचं. आज त्याची लाज वाटते.

कारण इथेही तोच प्रश्न विचारता येईल. ज्या राजवटीने जमीन घेतली, मुलं आयांपासून तोडून नेली, तिच्याच गणवेशात हे लोक का लढले? पोटासाठी, मानासाठी, भाऊ गेला म्हणून आपणही. रेज सॉन्डर्स या आदिवासी सैनिकाचं उदाहरण घ्या. क्रीट बेटावर शत्रूच्या नजरेआड त्यांनी जवळजवळ वर्ष काढलं. नोव्हेंबर १९४४ मध्ये ते ऑस्ट्रेलियन लष्करातले पहिले आदिवासी अधिकारी झाले. पुढे कोरियात, काप्योंगच्या लढाईत एका कंपनीचं नेतृत्व केलं. धाकटा भाऊ हॅरी न्यू गिनीत मारला गेला होता. आणि हे दोघं जिथे वाढले त्या व्हिक्टोरिया राज्यातल्या लेक कोंडाची जमीन? युद्धानंतर ती तुकडे पाडून परतलेल्या गोऱ्या सैनिकांना वाटली. त्याच भूमीतल्या लव्हेट घराण्याचे पाच भाऊ पहिल्या महायुद्धात लढले, त्यांतले चौघं दुसऱ्यातही सैन्यात गेले. जमिनीसाठी केलेले त्यांचे अर्ज नाकारले गेले.

हे वाचताना मला आपलं गाव दिसलं. महार पलटणींनी इंग्रजांसाठी रक्त सांडलं आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याच इंग्रजांनी 'लढाऊ जाती'चं खूळ काढून त्यांची भरती बंद केली. पलटणीतून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला. पेन्शनीत निघालेल्या सुभेदारालाही गावच्या पाणवठ्यावर हात लावायची सोय नव्हती. कुणाच्या बाजूने लढला हे त्याला विचारण्याआधी, परतल्यावर त्याला कुणी काय दिलं हे आपण स्वतःला विचारायला हवं. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब त्या स्तंभापाशी गेले, ते इंग्रजांचे गोडवे गायला नव्हेच.

इथे सगळं आलबेल आहे असं मी म्हणणार नाही. आदिवासींचं म्हणणं संसदेपुढे मांडणारी संस्था राज्यघटनेत असावी, यासाठी २०२३ मध्ये सार्वमत झालं. साठ टक्के लोकांनी नाही म्हटलं. गोऱ्यांशी झालेल्या लढायांत मेलेल्या आदिवासींना कॅनबेराच्या राष्ट्रीय युद्धस्मारकात किती जागा द्यायची, यावर वाद चालूच आहे. पण पार्कातल्या त्या काडतुसांची उंची कुणी मोजत बसत नाही. आपल्याकडे पुतळा म्हटला की आधी फूट विचारतात.

जानेवारीत पुण्याला येतोय. मामेभावाला सांगून ठेवलंय, गर्दी ओसरली की गाडी काढ, स्तंभ आहे त्या पेरण्याला जाऊ. स्तंभावर नावं कोरलेली आहेत, बरीचशी 'नाक'ने संपणारी, म्हणजे महार सैनिकांची. ती आम्ही दोघं मोठ्याने वाचणार आहोत, एकेक करून.