‘नॉट डिटेक्टेड’ आला म्हणून गोळ्या बंद करायच्या नसतात

व्हॉट्सॲपवर फिरणारा एक मेसेज चार गोष्टी एका दमात सांगतो: व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूंची मोजणी) ‘नॉट डिटेक्टेड’ आला की एचआयव्ही संपला, त्यानंतरही एआरटी (एचआयव्हीवरच्या गोळ्या) घेतली तर किडनी जाते, म्हणून गोळ्या सोडून भस्म घ्या, आणि त्या माणसाचं ताट-वाटी मात्र वेगळं ठेवा. आजार संपला तर ताट वेगळं कशाला, हे मेसेज लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

‘एचआयव्ही संपला.’ व्हायरल लोडची तपासणी रक्तद्रवात मोकळे फिरणारे विषाणू मोजते, तेही एका मर्यादेपर्यंत. मिलिलिटरमागे साधारण २० ते ५० प्रतींच्या खालचं तिला नीट मोजता येत नाही. एचआयव्ही मात्र सीडी४ या रोगप्रतिकारक पेशींच्या डीएनएमध्येच जाऊन बसतो. त्यातल्या काही पेशी वर्षानुवर्षं सुप्त राहतात. गोळ्या विषाणूची नवी पैदास रोखतात, सुप्त साठ्याला धक्का लावत नाहीत. त्यामुळे गोळ्या थांबवल्या की बहुतेकांच्या रक्तात दोन ते चार आठवड्यांत विषाणू पुन्हा दिसू लागतो. तेव्हा बऱ्याच जणांना काहीच जाणवत नाही, आणि ‘बघा, गोळ्यांशिवाय ठणठणीत’ हा समज पक्का होतो. सोबत हिपॅटायटिस बी असेल तर धोका आणखी मोठा: एआरटीतली टेनोफोविर आणि लॅमिव्ह्युडिन ही औषधं त्यालाही दाबून ठेवतात, ती अचानक बंद केली तर यकृताला जोरदार सूज येऊ शकते.

‘किडनी जाते.’ यात अर्धं सत्य आहे, म्हणूनच ते खपतं. सध्या बहुतेकांना मिळणारी टीएलडी म्हणजे टेनोफोविर ३००, लॅमिव्ह्युडिन ३०० आणि डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅम, दिवसाला एकच गोळी. टेनोफोविर काहींच्या मूत्रपिंडाला त्रास देतं. त्यासाठीच रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंड बाहेर टाकतं तो टाकाऊ पदार्थ) तपासतात आणि गरज पडली तर औषध बदलतात. मात्र डोल्युटेग्राविर सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन किंचित वाढतं, ते मूत्रपिंड बिघडल्याने नव्हे. क्रिएटिनिन लघवीत सोडणारी एक वाट हे औषध अडवतं. गाळण्याचं काम तसंच चालू राहतं. आकडा पाहून परस्पर गोळी सोडू नका, डॉक्टरांना दाखवा. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्मार्ट’ अभ्यासात ५,४७२ रुग्ण होते. सीडी४ पेशींची संख्या चांगली असताना उपचार थांबवलेल्या गटात मृत्यू आणि संधिसाधू (प्रतिकारशक्ती घटल्यावर जडणारे) आजार वाढलेच, शिवाय हृदय, यकृत आणि मूत्रपिंडाचे गंभीर आजारही जास्त आढळले.

‘भस्म घ्या.’ कुठल्याही भस्माने एचआयव्ही बरा होत नाही. उलट लोह किंवा कॅल्शियम असलेलं भस्म उपाशीपोटी टीएलडीसोबत घेतलं तर डोल्युटेग्राविर पोटातच त्याला चिकटतं आणि रक्तात कमी पोचतं. ॲसिडिटीच्या ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमवाल्या औषधाचंही तेच. टीएलडी त्याच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर घ्यावी. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या जेवणासोबत असतील तर टीएलडीबरोबर चालतात.

‘ताट वेगळं ठेवा.’ ताट, पेला, संडास, मिठी यांतून एचआयव्ही पसरत नाही, लोड कितीही असो. संभोगाचं म्हणाल, तर २०१९च्या ‘पार्टनर २’ अभ्यासात एक जोडीदार बाधित असलेली ७८२ पुरुष जोडपी होती. लोड २०० प्रतींखाली असताना कंडोमशिवाय सुमारे ७६ हजार वेळा संबंध आले. बाधित जोडीदाराकडून एकही लागण झाली नाही. अट एवढीच, की गोळी रोज आणि लोडची तपासणी वेळेवर. इतर गुप्तरोगांसाठी कंडोम लागतोच, आणि स्तनपानाला हा निष्कर्ष लागू नाही.

नोकरीत किंवा दवाखान्यात एचआयव्हीमुळे भेदभाव करणं १० सप्टेंबर २०१८पासून कायद्याने निषिद्ध आहे. १०० किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेत, आणि आरोग्यसेवेच्या ठिकाणी २० किंवा अधिक असतील तिथे, तक्रार अधिकारी नेमावा लागतो; तक्रार त्याच्याकडे करायची.